छोट्या सहकारी बँकेचा डेटा आणि कम्प्लायन्स: एक्सेलपासून सुरुवात कशी करायची

मला वर्षातून चार-पाच वेळा तरी असा फोन येतो, बहुतेक संध्याकाळी सातनंतर, ब्रँचचं डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करायचं काम, उरकल्यावर. "अहो, इन्स्पेक्शन लागलंय, आरबीआयने डेटा मागितलाय, सीबीएस आहे आमच्याकडे पण त्यातून हवं ते निघतच नाही, एखादं चांगलं सॉफ्टवेअर सुचवा ना." सीबीएस म्हणजे कोअर बँकिंग सिस्टीम, बँकेची सगळी खाती ज्यात असतात ते सॉफ्टवेअर. मी दरवेळी हेच सांगतो की सॉफ्टवेअरचं नंतर बघू, आधी तुमच्याकडे जे आहे ते उघडून बसू. गिरगाव, दादर, लालबाग, भांडुप, मुलुंड, इकडच्या आपल्या छोट्या नागरी सहकारी बँका म्हणजे पाच-सहा ब्रँच, आयटीला एखादा मुलगा, आणि कम्प्लायन्सला, म्हणजे नियमांचं पालन बघायला, एक मॅडम ज्यांच्याकडे अजून दोन खाती सोपवलेली असतात, अशा बँकेने लाखो रुपयांचा डॅशबोर्ड घेतला तरी आतला डेटा कच्चा असेल तर स्क्रीनवर रंगीत पण चुकीचे आकडे दिसणार, एवढंच.

हे मी इतकं कळकळीने का सांगतोय त्याचं कारण मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. २३ सप्टेंबर २०१९ ला पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि पहिल्या दिवशी ठेवीदाराला फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती, भांडुपच्या ब्रँचबाहेरची ती गर्दी माझ्या डोळ्यापुढून जात नाही. त्या प्रकरणाच्या तक्रारीत २१,०४९ बनावट कर्जखात्यांचा उल्लेख होता, मोठी थकलेली कर्जं झाकायला दाखवलेली, आणि ती खाती सीबीएसमध्ये उघडलेलीच नव्हती, फक्त आरबीआयला द्यायच्या यादीत होती असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. मग फेब्रुवारी २०२५, न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक, प्रभादेवी आणि गोरेगावच्या तिजोऱ्यांमधली १२२ कोटींची रोकड गायब असल्याचं प्रकरण. एका ठिकाणी रिटर्नमधला, म्हणजे आरबीआयला पाठवायच्या अहवालातला, आकडा सीबीएसमध्ये नव्हता, दुसऱ्या ठिकाणी वहीतला आकडा तिजोरीत नव्हता. म्हणून माझ्या कामाचा एकच नियम आहे: रिटर्नमधला प्रत्येक आकडा सीबीएसमध्ये सापडला पाहिजे, आणि सीबीएसमधला प्रत्येक आकडा माणसाकडे नाहीतर तिजोरीत सापडला पाहिजे. खाली जे काही सांगतोय ते सगळं याच नियमाभोवती आहे.

आधी फाइली काढा, आणि नीट काढा

व्हेंडरला सांगून सीबीएसमधून पाच फाइली घ्या: ग्राहक मास्टर, खाते मास्टर बॅलन्ससकट, कर्जाचं हप्त्यांचं शेड्यूल, महिन्याचे सगळे व्यवहार, आणि त्याच तारखेची ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या हेडच्या एकूण बाकींची यादी. पाचही एकाच तारखेच्या डे-एंडनंतरच्या हव्यात, एक आजची आणि एक कालची असली की पुढे दोन दिवस डोकं फोडत बसाल.

सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक करून उघडायची नाही, हे प्लीज लक्षात ठेवा. एक्सेल आकड्यातले पंधराच अंक सांभाळतं, त्यामुळे सोळा अंकी खाते नंबर असेल तर शेवटचा अंक शून्य होऊन बसतो, सुरुवातीची शून्यं उडतात, आणि ०५/०४ ही तारीख पाच एप्रिल की चार मे हे तुमच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगवर ठरतं. डेटा मेनूतून इम्पोर्ट करा, खाते नंबर, ग्राहक नंबर, मोबाइल, पॅन हे सगळे कॉलम टेक्स्ट म्हणून घ्या, तारखेला दिवस-महिना-वर्ष असं स्पष्ट सांगा. आणि व्यवहारांची फाइल मोठी असेल तर एका शीटमध्ये साधारण साडेदहा लाख ओळीच मावतात, त्यापुढच्या येतच नाहीत, म्हणून ब्रँचवार किंवा आठवड्यावार तोडून घ्या.

फाइल उघडली की पहिलं काम विश्लेषण नाही, बेरीज. सगळ्या बचत खात्यांच्या बॅलन्सची बेरीज करा आणि ट्रायल बॅलन्समधल्या बचत ठेवीच्या आकड्याशी लावून बघा, मग मुदत ठेवी, मग सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्याला लिमिटपर्यंत हवं तसं वापरायचं कर्ज), टर्म लोन, गोल्ड लोन, एकेक हेड घेऊन. पैशापर्यंत जुळलं पाहिजे. एका बँकेत टर्म लोनला ४,१६,२५० रुपयांचा फरक निघाला, सगळे म्हणाले राउंडिंग असेल, पण एवढं राउंडिंग कुठून येणार? शोधता शोधता कळलं की दोन वर्षांपूर्वी कोणीतरी खात्याला हात न लावता थेट जीएलला (जनरल लेजर, बँकेची मुख्य खातेवही) एक एंट्री मारली होती आणि व्हाउचरवर पासिंग करणाऱ्याची सहीच नव्हती. पैसे कुठे गेले नव्हते, पण दोन वर्षं दर तिमाहीचं रिटर्न त्या चुकीसकट जात होतं. सस्पेन्स, सन्ड्री आणि इंटर-ब्रँच या तात्पुरत्या नोंदींच्या तीन हेडमध्ये जुन्या पडून राहिलेल्या एंट्र्या तारखेनुसार लावून बघा, घाण बहुतेक वेळा तिथेच साठलेली असते.

ग्राहक मास्टर: इथे वेळ घालवा

मला विचाराल तर सगळ्या कामातला निम्मा वेळ इथे गेला तरी चालेल, कारण ग्राहक चुकला की पुढचं सगळं चुकतं. मोबाइल नंबरवर पिव्होट (एक्सेलची गट करून मोजायची सोय) लावा आणि एकाच नंबरवर किती ग्राहक आहेत ते मोठ्याकडून छोट्याकडे लावा. पाच-सात नंबर तर ९९९९९९९९९९ सारखे निघतीलच, ते बाजूला ठेवा आणि त्याखालचे बघा.

मध्य मुंबईतल्या एका बँकेत असं करताना एका नंबरवर ६३ ग्राहक निघाले. मॅनेजर साहेबांनी नंबर बघितला आणि लगेच ओळखला, त्यांच्या पिग्मी एजंटचा होता. काका वीस-बावीस वर्षं मार्केटमध्ये फिरून दैनंदिन ठेव गोळा करणारे, ज्या काळात खाती उघडली तेव्हा गाळेवाल्यांकडे फोनच नव्हते म्हणून फॉर्मवर यांनी आपला नंबर टाकला आणि तो तसाच राहिला. म्हणजे ६३ लोकांच्या पैशाचे मेसेज इतकी वर्षं एकाच खिशात जात होते. आम्ही काकांना बसवून विचारलं तेव्हा त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं, ते म्हणाले चला, मीच नेतो तुम्हाला सगळ्यांकडे. मग ब्रँचमधली एक मुलगी फॉर्म घेऊन रोज सकाळी त्यांच्यासोबत फेरीला जायला लागली. मी एक दिवस गेलो होतो, एका फुलवाल्या मावशींनी गजऱ्याच्या टोपलीखालून प्लास्टिकच्या पिशवीतलं पासबुक काढलं, शेवटची एंट्री २०२१ ची, आणि आमच्या प्रिंटआउटवरचा आकडा आणि त्यांच्या कार्डावरच्या रोजच्या सह्या आम्ही तिथेच फुटपाथवर बसून लावल्या. जुळल्या सगळ्या. मावशींच्या फोनवर पहिला मेसेज आला तेव्हा त्यांनी तो शेजारच्या पोराकडून दोनदा वाचून घेतला. दहा-बारा दिवसात ६३ पैकी बहुतेक नंबर बरोबर झाले, ज्यांचे नाही झाले त्यांची वेगळी यादी ठेवली.

मोबाइलनंतर पॅन. तोच पॅन, दोन ग्राहक नंबर, अशा जोड्या काढा. आपल्याकडे नावाने शोधून उपयोग नाही कारण एकीकडे आडनाव आधी, एकीकडे वडिलांचं नाव मधे, लग्नाआधीचं नाव वेगळं, स्पेलिंग तर विचारू नका. पॅन, जन्मतारीख आणि मोबाइल यातले दोन जुळले की संशयित जोडी, आणि मग फॉर्मवरची सही बघून माणसाने ठरवायचं, मशीनने परस्पर मर्ज करायचं नाही, बापलेकांचं खातं एक झालं तर नवीन प्रकरण उभं राहील. एका माणसाला एकच ग्राहक ओळख नंबर असला पाहिजे असं केवायसीच्या (ग्राहकाची ओळख तपासायच्या) नियमातच आहे, आणि ते नुसतं नियमापुरतं नाही. एनपीए, म्हणजे ९० दिवस थकलेलं कर्ज, कर्जदारनिहाय ठरतो, रोकड व्यवहाराची बेरीज ग्राहकनिहाय होते, ठेव विम्याचे ५ लाख पण एका ठेवीदाराला एका बँकेत, सगळ्या ब्रँच मिळून, व्याजासकट.

याच फाइलीतून केवायसी अपडेटची यादी निघते: हाय रिस्कला २ वर्षांनी, मीडियमला ८, लो रिस्कला १०. शेवटच्या केवायसीची तारीख अधिक तेवढी वर्षं, आणि येत्या तीन महिन्यात कोण येतंय ते ब्रँचवार पाठवा. ज्यांच्या रिस्कचा कॉलम रिकामा आहे ते आधी भरा. दोन वर्षं ग्राहकाने स्वतः काही व्यवहार केला नाही अशी खाती पण इथेच दिसतील, आणि दहा वर्षं झालेल्या ठेवी आरबीआयच्या डीईए फंडाला (बेवारस ठेवींचा निधी) पाठवाव्या लागतात, त्याआधी वारसांना शोधायचा खरा प्रयत्न करा, चाळीतल्या पत्त्यावर पुनर्विकास झालेला असतो आणि पत्र परत येतं, पण शेजारी कोणीतरी माहिती देतंच.

एनपीए: एक-एक दिवसाची मोजणी

टर्म लोनचं गणित सरळ आहे पण एका दिवसाची चूक मी खूप ठिकाणी बघितली. हप्ता ३१ मार्चला देय आहे आणि त्या दिवसाच्या डे-एंडला पैसे आले नाहीत, तर खातं ३१ मार्चलाच ओव्हरड्यू. तसंच राहिलं तर ३० एप्रिलला एसएमए-१ (एनपीएच्या आधीची धोक्याची पायरी), ३० मेला एसएमए-२, आणि २९ जूनला एनपीए. हे आरबीआयने नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात असंच उदाहरण देऊन सांगितलंय. महिनाअखेरीची वाट बघायची नाही, रविवार असो सुट्टी असो, ज्या तारखेचं डे-एंड त्या तारखेला टॅग. तुमच्या सीबीएसने दिलेली तारीख आणि एक्सेलमध्ये सर्वात जुन्या थकलेल्या हप्त्यापासून काढलेली तारीख शेजारी ठेवा, जिथे फरक आहे तेवढीच खाती उघडा.

सीसीला जरा जास्त लक्ष. बाकी ९० दिवस सलग लिमिट किंवा ड्रॉइंग पॉवरच्या (स्टॉकवरून ठरणारी उचलीची मर्यादा) वर असेल तर आउट ऑफ ऑर्डर, म्हणजे एनपीएच, हे सगळ्यांना माहितीये, पण दुसरी अट सुटते: बाकी लिमिटच्या आत असली तरी मागच्या ९० दिवसात जमा झालेली रक्कम त्याच ९० दिवसात लावलेल्या व्याजाइतकी पण नसेल तरी आउट ऑफ ऑर्डर. यासाठी व्यवहारांच्या फाइलवर सुमइफ्स हा फॉर्म्युला पुरतो. आणि ड्रॉइंग पॉवर जुन्या स्टॉक स्टेटमेंटवर चालू असेल तर ते वेगळं काढा.

आता समजा लालबागमधला एक मसालेवाला आहे, त्याचं सीसी व्यवस्थित चाललंय पण टेम्पोचं लोन ९० दिवसांवर गेलं. सीसी पण एनपीए होणार, कारण कर्जदार एकच. पण त्याचे दोन ग्राहक नंबर असतील तर सीबीएसला कळणारच नाही, म्हणून वर ग्राहक मास्टरवर एवढा जोर दिला. आणि एनपीए झालेलं खातं परत वर आणायचं असेल तर व्याज आणि मुद्दलाची पूर्ण थकबाकी भरली पाहिजे, त्याच्या सगळ्या कर्जांची, दोन हप्ते भरून चालत नाही.

मार्च एंडला नवीन कर्ज देऊन जुनं थकलेलं खातं फिरवतात ते पकडायला एक साधी चाचणी सांगतो. २५ ते ३१ मार्चमध्ये थकीत खात्यात आलेले मोठे जमा घ्या, आणि पुढेमागे सात दिवसात त्याच माणसाच्या, बायकोच्या, भावाच्या, जामीनदाराच्या खात्यातून तेवढीच रक्कम नवीन कर्ज म्हणून निघालीये का बघा. पत्ता, मोबाइल आणि जामीनदार हे तीन कॉलम जोडले की दिसतं. सापडलं तर संचालकांपैकी कोणाचा नातेवाईक असला तरी यादीत ठेवा, मला माहितीये हे बोलायला सोपं आणि करायला जड आहे, पण कम्प्लायन्स ऑफिसरने इथे मागे सरकलं तर ठेवीदाराच्या बाजूने उभं राहणारं दुसरं कोणी त्या खोलीत नसतं.

रोकड

महिन्यात १० लाखांवरचे रोख व्यवहार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत एफआययूला (केंद्र सरकारची आर्थिक गुप्तवार्ता यंत्रणा) कळवायचे, हे बहुतेक बँका करतात. चुकतं ते जोडलेल्या व्यवहारांमध्ये. एकेक व्यवहार १० लाखांच्या खाली पण एकमेकांशी संबंधित आणि महिन्याची बेरीज १० लाखांवर, ते पण येतात. ग्राहक ओळख नंबरवर जमा आणि नावे (काढलेले) वेगवेगळे पिव्होट करा, सगळ्या ब्रँच एकत्र घेऊन. दादरला चार लाख, मुलुंडला साडेतीन, भांडुपला तीन, ब्रँच मॅनेजरला आपल्यापुरतं काहीच वावगं दिसत नाही. संशयास्पद व्यवहाराचा रिपोर्ट ही वेगळी गोष्ट, त्याला रकमेची मर्यादा नाही, धंदा आणि उलाढाल जुळत नसेल तर ५० हजारांचा व्यवहार पण होऊ शकतो. प्रिन्सिपल ऑफिसरने (हे रिपोर्ट पाठवणारा बँकेचा अधिकारी) का रिपोर्ट केला किंवा का केला नाही हे चार ओळीत लिहून ठेवा. आणि रिपोर्ट केलाय हे ग्राहकाला कळता कामा नये, काउंटरवर सहज बोलून जाणाऱ्या स्टाफला हे पुन्हा पुन्हा सांगा.

तिजोरीचं तर रोज. प्रत्येक ब्रँचची रात्रीची रोकड शिल्लक एका शीटमध्ये, शेजारी त्या ब्रँचची मंजूर मर्यादा आणि विम्याची रक्कम. मर्यादेच्या वर सलग तीन दिवस राहिली की फोन. एखाद्या ब्रँचची शिल्लक महिनोन्महिने चढतच चाललीये आणि करन्सी चेस्टला (जास्तीची रोकड जमा करायची जागा) भरणा होत नाहीये, तर गाडी काढा आणि मोजायला जा, न सांगता. मोजणारा माणूस दरवेळी वेगळा, किल्ल्या दोघांकडे, आणि बंडलाची वरची नोट बघून सही करायची नाही, बंडल फोडून मोजायचं. ही गोष्ट कुठल्याही डेटाने होत नाही.

बाकीचे आकडे

हे पटकन सांगतो कारण फाइली स्वच्छ असतील तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. ठेवी १०० कोटींपर्यंत असतील तर टियर १ (आरबीआयने पाडलेला बँकांचा वर्ग), भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या तुलनेत बँकेचं स्वतःचं भांडवल) ९ टक्के. त्यावरच्या टियरना १२ टक्के, ३१ मार्च २०२६ ची मुदत. टियर २ ते ४ ला एप्रिल २०२५ पासून जुन्या एसएएफऐवजी पीसीए (अडचणीतल्या बँकेवर वेळीच कारवाई करायची चौकट) लागू झालंय, त्यात नेट एनपीए ६ टक्क्यांना पोचला की पहिली पायरी, म्हणून ५ वरच स्वतःला अलार्म लावा. एका कर्जदाराला टियर १ भांडवलाच्या १५ टक्के, ग्रुपला २५ टक्के, आणि इथला टियर १ म्हणजे भांडवलाचा प्रकार, बँकेचा वर्ग नाही, गोंधळू नका. प्राधान्य क्षेत्राला कर्ज ६० टक्के, त्यातलं सूक्ष्म उद्योग ७.५ आणि दुर्बल घटक १२. छोटी कर्जं एकूण कर्जाच्या निम्मी हवीत, छोटं म्हणजे २५ लाख किंवा टियर १ भांडवलाच्या ०.४ टक्के यातलं जे जास्त ते, पण ३ कोटींच्या वर नाही. आणि एक, नोव्हेंबर २०२५ मध्ये आरबीआयने हजारो जुनी परिपत्रकं रद्द करून २४४ मास्टर डायरेक्शन केलीत, नागरी सहकारी बँकांचा वेगळा संच आहे, तर तुमच्या पॉलिसी फाइलीतले जुने परिपत्रक नंबर बदलून घ्या.

डेटा सांभाळणं

खात्यांची यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची नाही. खरंच नाही. कितीही घाई असली तरी. बाहेरच्या कोणाला मदतीला घेताय, मला सुद्धा, तर नाव आणि मोबाइल झाकून द्या, ग्राहक नंबरवर नव्वद टक्के काम होतं, उरलेलं बँकेतल्याच कॉम्प्युटरवर बसून. मोफत वेबसाइटवर फाइल टाकून बदलून घेणं पण बंद करा, ती फाइल पुढे कुठे जाते कोणालाच माहिती नसतं.

प्रत्येक महिन्याचा एक फोल्डर करा, त्यात पाच मूळ फाइली रीड-ओन्ली, बेरीज जुळवलेलं शीट, आणि प्रत्येक रिटर्नमधला आकडा कुठल्या फाइलच्या कुठल्या कॉलममधून आला त्याची एक ओळ. करणारा एक, तपासणारा दुसरा, दोघांची नावं. संचालक मंडळासाठी एकच पान, मराठीत, मोठ्या अक्षरात: जीएलचा फरक किती, एसएमए-२ मध्ये किती खाती आणि कोणाची, नेट एनपीए, सर्वात मोठे दहा कर्जदार, केवायसी राहिलेले किती, आणि या महिन्यात कुठल्या ब्रँचची रोकड कोणी मोजली. हे पान मीटिंगच्या दोन दिवस आधी घरी पोचवा, कारण मीटिंगमध्ये दिलं की चहा येईपर्यंत चाळून बाजूला ठेवलं जातं, घरी दिलं तर निदान एकजण तरी फोन करून विचारतो की ही तिसरी ओळ मागच्या महिन्यापेक्षा का वाढली.